रांगोळी पुसली, फोटो उरला

दिवाळीत जूचंद्रला रांगोळ्या बघायला जावं, तर आधी दिसतात उंच धरलेले मोबाइल. वसई-दिवा मार्गावरचं हे गाव चंडिकादेवीमुळे ओळखलं जातं, तसंच रांगोळीकारांमुळेही. चिमटीतून उतरलेले हुबेहूब चेहरे काही दिवसांत पुसले जातात; तोवर त्यांचे फोटो दुबई, न्यू जर्सीपर्यंत गेलेले असतात.

इतके डोळे एकच चित्र पाहतात, म्हणून मनंही जुळतात का? या अंकाचा विषय हाच. फ्रेंच पाद्री आणि जीवाश्मतज्ज्ञ तेयार द शार्दँ यांनी इंटरनेटच्या कितीतरी आधी, पृथ्वीभोवती विचारांचं आवरण तयार होत असल्याची कल्पना मांडली होती. ज्ञानेश्वरांनी तर १२९० साली, एकही तार नसताना, पसायदान मागितलं ते साऱ्या विश्वासाठी. आम्हाला हा दुसरा दाखला जास्त अडचणीचा वाटतो. तारेविना जे सुचलं, ते खिशात फोन असताना का सुचू नये? (घरच्या ग्रुपवरची भांडणं आठवली की उत्तर द्यायला जीभ रेटत नाही.)

तेव्हा या अंकात यंत्राचं कौतुक थोडं आहे, ते हाताळणाऱ्या माणसांविषयीच जास्त. जोडणी झाली म्हणजे जाणीव आली, असं आम्ही मानत नाही. तुम्ही मानत असाल, तर जरूर भांडा. आणि पडद्यावर पाहिलेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या दुःखाने तुमची झोप उडाली असेल, तर तेही लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.