माणसे मोजावीत की दाब?

खांदा कॉलनी ही सिडकोने आखलेली निवासी वसाहत असली, तरी तिचे शेजारी निवासी नाहीत. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार जवळच आहे, सायन-पनवेल महामार्ग लगत आहे, आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर व २००२ साली पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाल्यापासून या टापूतून जाणाऱ्या मालमोटारींची संख्या वाढतच गेली आहे. जेथे मालमोटार तेथे पंक्चरवाला आणि जेथे पंक्चरवाला तेथे कॉम्प्रेसर, हा क्रम ठरलेलाच. एक गाळा, एक उस्ताद, दोन-तीन पोरे आणि कोपऱ्यात धडधडणारी हवेची टाकी असे या धंद्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. चाकाचे नट सोडवण्यासाठी लांब पान्यावर उभे राहून नाचण्याचे दिवस आता मागे पडले. गन लावली, घोडा दाबला की नट सुटतो.

या सोयीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. कंबर मोडणारे काम हलके झाले आणि अर्ध्या तासाचे काम काही मिनिटांवर आले, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. प्रश्न निराळा आहे. वाचलेल्या वेळेचा लाभ वाहतूकदाराला, गॅरेजच्या मालकाला आणि काही अंशी ग्राहकाला मिळतो. या वेगाबरोबर आलेला धोका मात्र ज्याच्या हातात गन आहे त्या पोराच्या वाट्याला राहतो.

दाबाखालची हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिचे भय वाटत नाही. हवेची बहुतेक अवजारे दर चौरस इंचास सुमारे ९० पौंड दाबासाठी बनवलेली असतात. टाकीतील दाब पुष्कळदा १२० पौंडांच्या वर असतो. दोहोंच्या मध्ये दाब नियंत्रित करणारी झडप हवी. ती नसली की गन जोरात चालते आणि पोरांना बरेच वाटते. त्यातच हाताने फिरवायच्या पान्याची चकचकीत गोटी गनला लावली जाते. ही गोटी कठीण, पण ठिसूळ असते. गनच्या आघातांनी ती तडकते आणि तिचा तुकडा कोठे जाईल हे सांगता येत नाही. गनसाठी काळ्या रंगाची, जाड कडांची, आघात सोसणारी गोटी निराळी मिळते. तिची किंमत आणि साध्या चष्म्याची किंमत एकत्र केली तरी ती गनच्या किमतीपुढे किरकोळच.

दिवस संपला की अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवण्याची सवयही अशीच निरुपद्रवी वाटते. परंतु त्वचेवरील लहानशा जखमेतून हवा शरीरात शिरली तर ती जीवघेणी ठरू शकते, आणि डोळ्याला किंवा कानाच्या पडद्याला इजा होण्यास तर क्षणही पुरतो. अमेरिकेत केवळ साफसफाईसाठी वापरायच्या हवेचा दाब ३० पौंडांच्या खाली ठेवण्याचा नियम आहे, आणि तोही उडणाऱ्या कणांपासून संरक्षणाची व्यवस्था असेल तरच. अवजार बदलताना हवा बंद करून नळीतील उरलेला दाब सोडून द्यावा, हा साधा नियमही घाईत पाळला जात नाही. मग सुटलेली नळी सापासारखी फटकारे मारते.

सर्वांत भयंकर प्रकार मालमोटारीच्या जुन्या पद्धतीच्या, कडी बसवलेल्या रिमचा. कडी नीट बसली नसताना टायरमध्ये शंभर पौंड हवा भरली जाते. कडी सुटली तर ती तोफगोळ्यासारखी बाहेर येते, आणि हवा भरणारा नेमका तिच्यासमोर वाकलेला असतो. यावर लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरणे हा उपाय जगभर माहीत आहे. कोकणातील दमट हवा या धोक्यांत आणखी एकाची भर घालते. टाकीच्या तळाशी पाणी साचते, ते रोज काढले नाही तर पत्रा आतून गंजतो, आणि बाहेरून नवा रंग दिलेली टाकी आतून किती पातळ झाली आहे हे कोणासच कळत नाही.

काही इजा सावकाश होतात. १९१८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांची डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी पाहणी केली, तेव्हा हवेचे हातोडे चालवणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात असे त्यांना आढळले. म्हणजे या कंपनांचे दुष्परिणाम ज्ञात होऊन शंभर वर्षे लोटली. पनवेलच्या उबदार हवेत बोटे पांढरी पडलेली सहसा दिसणार नाहीत. मुंग्या येतील, पकड सैल होईल, आणि पोरगा कामचुकार ठरेल.

मग कायदा काय करतो? १९४८ च्या कारखाना कायद्याने दुरुस्तीच्या कामाचाही उत्पादन प्रक्रियेत समावेश केला होता आणि दाबाखालील यंत्रसामग्रीसाठी स्वतंत्र कलमही घातले होते. परंतु यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या ठिकाणी निदान दहा कामगार असतील तरच तो सामान्यतः लागू होत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने कारखान्यासाठी ही संख्या वीसवर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. दुकाने व आस्थापना यांच्या २०१७ च्या राज्य कायद्यानेही दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून मोकळे करून केवळ सूचना देणे पुरेसे ठरवले. चार माणसांचे गॅरेज या प्रत्येक चाळणीतून अलगद खाली पडते. टाकी फुटताना मात्र आजूबाजूला किती माणसे आहेत हे मोजत नाही! वस्तुतः घातक किंवा जिवावर बेतणारे काम म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केल्यास संख्येची अट लागू राहत नाही, अशी तरतूद संहितेतच आहे. कडीच्या रिममध्ये हवा भरणे हे तसे काम नव्हे, असे कोण म्हणेल?

लहान धंद्यावर निरीक्षक सोडले तर सुरक्षितता वाढण्याऐवजी हप्ता वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत जो भेद केला, त्याचे उत्तर दर वेळी निरीक्षकच असते असे नाही. त्यासाठी एक जवळचाच दाखला पाहावा. कळंबोलीच्या बाजारात लोखंड चढवणारा माथाडी एका दिवसात अनेक मालकांचे काम करतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याची गणना एकेका मालकाच्या हजेरीपटावर न करता मंडळाकडे केली, आणि मालकांकडून मजुरीच्या प्रमाणात आकार वसूल करून त्याच्या हक्कांची सोय लावली. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ शिरले आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. तरीही ज्या मालमोटारीत माथाडी माल चढवतो तिचेच चाक बदलणारा पोरगा कोणत्याच वहीत नाही, ही विसंगती डोळ्यांत भरते.

ग्राहकानेही हा परक्याचा प्रश्न समजू नये. गनने अंदाजाने आवळलेला नट प्रमाणाबाहेर घट्ट बसतो, त्याचा बोल्ट ताणला जातो, आणि तो बोरघाटात तुटला तर ती किंमत मोटारीतील माणसे मोजतात. शेवटचा आवळ मोजपट्टीच्या पान्याने, म्हणजे टॉर्क पान्याने द्यावा, यासाठी चार पैसे अधिक मोजण्याची तयारी ग्राहकाची असली पाहिजे. भावात घासाघीस करताना हा पानाच प्रथम गळतो.

पनवेल महानगरपालिका २०१६ साली स्थापन झाली. यांत्रिक शक्तीवर चालणारी कामाची जागा नव्याने काढण्यास आयुक्तांची परवानगी लागते, असे महानगरपालिकांविषयीचा १९४९ चा कायदा सांगतो. या परवानगीला कामगारांची संख्या न विचारता दोनच अटी जोडता येतील : टाकीच्या चाचणीचा दाखला आणि चालू स्थितीतील सुरक्षा झडप. पनवेलच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संध्याकाळचे काही तास या पोरांसाठी राखले, तर उस्तादाकडून न मिळणारे शिक्षण त्यांना रोजगार न बुडवता मिळेल. हवा भरण्याचा पिंजरा प्रत्येक पंक्चरवाल्याला परवडणार नाही, आणि परवडला तरी गाळ्यात मावणार नाही. पोलाद बाजाराच्या आवारात असे दोन-तीन पिंजरे सार्वजनिक ठेवावेत, त्यांचा खर्च तेथे येणाऱ्या मालमोटारींकडून वाहनतळाच्या शुल्काबरोबर घ्यावा, आणि कडीच्या रिमचे चाक त्या पिंजऱ्याबाहेर भरू नये अशी अट वाहतूकदारांच्या संघटनांनी स्वतः आपल्या चालकांना घालावी.