सरहद्द ही रेघ की पट्टा?

अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्याने अधिकाऱ्यांना सागरी हद्दीतल्या कोणत्याही जहाजावर वॉरंटशिवाय चढून परकीयांचा शोध घेण्याची मुभा दिली. सरहद्द राखायला हरकत कुणाची? पण त्याच कलमात रेल्वे आली, मोटारी आल्या, ‘सरहद्दीपासून वाजवी अंतर’ आले. नियमाने हे अंतर ठरवले १०० मैल! म्हणजे सबंध न्यूयॉर्क शहर सरहद्दीत. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, गस्तीवाल्यांनी गाडी अडवली का? आतले लोक मेक्सिकन दिसले म्हणून! एवढे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने बजावले. कलम मात्र शाबूत राहिले. आम्ही वर्गात नकाशावर सरहद्दीची रेघ दाखवतो. रेघेचा पट्टा झाला की संशयाला माप उरत नाही. मग चेहरा, नाव, भाषा हेच माप ठरते. हे आम्हाला वेगळे सांगायला हवे का?