मृताचे ऋण आणि विधवेची सही



गेल्या भाताच्या सुगीत एका सायंकाळी देवळातील दिवे मालवून मी घराकडे वळलो, तो ओसरीवर एक बाई पदराखाली पत्र्याचा डबा धरून उभी असलेली दिसली. तिच्या पतीला मूठमाती देऊन सोळाच दिवस झाले होते. डबा माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "फादर, एवढे कागद वाचून सांगा. आणि हा स्टँपचा कागद पाहा. रविवारच्या आत यावर सही कर, नाहीतर मिस्सा सुटल्यावर चार लोकांत विचारीन, असा निरोप आला आहे."

स्टँपच्या कागदावर एकच गोष्ट टंकलिखित होती : 'माझ्या मयत पतीचे सर्व देणे मी स्वखुशीने माझ्या शिरावर घेत आहे.' खाली तिच्या नावासाठी जागा मोकळी सोडलेली होती.

"सही करू का?" तिने विचारले. "त्यांचे नाव बुडू नये एवढेच मला पाहिजे. पण मग पोरांच्या तोंडी काय घालू?"

मी तिला सही न करता कागद तसाच ठेवावयास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका जाणत्या वकिलांकडे गेलो. त्यांच्याकडून जे समजले ते येथे देत आहे; कारण हा प्रश्न एका घराचा नव्हे. मृत्यू आणि कर्ज आपल्या गावांतून पुष्कळदा एकाच दाराने आत येतात.

पहिली गोष्ट ही की, आपण ख्रिस्ती लोक वारसाहक्काच्या बाबतीत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतो. त्या कायद्याप्रमाणे विवाह झाला म्हणून पतीच्या मिळकतीत पत्नीला किंवा पत्नीच्या मिळकतीत पतीला आपोआप हक्क उत्पन्न होत नाही. जसा हक्क नाही, तसा केवळ लग्नगाठीमुळे कर्जाचा भारही नाही. मृताचे कर्ज मृताच्या मिळकतीतून फेडावयाचे असते. दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते की, मृताच्या मिळकतीपैकी जेवढे वारसाच्या हाती आले, तेवढ्यापुरताच तो जबाबदार. पतीमागे काहीच राहिले नसेल, तर विधवेच्या मजुरीतून, तिच्या माहेरच्या दागिन्यांतून किंवा तिच्या स्वतःच्या बचतीतून ते कर्ज वसूल करता येत नाही. मुलांचेही तसेच. आणि पत्नी आधी वारली, तर तिच्या कर्जाबाबत पतीलाही हाच नियम लागू आहे.

मग विधवा कधी बांधली जाते? तिने स्वतः सही किंवा अंगठा दिला असेल तेव्हा. यासाठीच डब्यातील तीन कागद एकेक करून पाहावे लागले.

पहिला कागद सोसायटीच्या पीककर्जाचा. त्यावर जामीन म्हणून त्या बाईची स्वतःची सही निघाली. "त्यांनी सांगितले तेथे मी केली," ती म्हणाली. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि ऋणको वारल्याने ती संपत नाही. हे देणे तिचे स्वतःचे ठरले. महिलांच्या बचतगटात ज्या भगिनी एकमेकींसाठी सह्या करतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

दुसरा कागद शेतावरील तारणाचा. तारण जमिनीला चिकटलेले असते. जो वारस ती जमीन घेईल तो बोजासह घेईल. मात्र बाई त्या करारात सहकर्जदार नव्हती; त्यामुळे धनकोला जमिनीकडे पाहावे लागेल, बाईच्या इतर कमाईकडे नव्हे.

तिसरा कागद सावकाराची वचनचिठ्ठी. तिच्यावर सही एकट्या पतीची. हे देणे खरे. पण ते पतीच्या मिळकतीचे देणे. स्टँपचा नवा कागद याच सावकाराकडून आला होता, आणि आता त्याचा हेतू उघड झाला. जे ऋण मिळकतीपुरते मर्यादित होते, ते एका सहीने बाईच्या जन्माचे व्हावे, हा तो हेतू. वकिलांनी आणखी एक सांगितले. साध्या उसनवारीच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. मुदत संपल्यावरही लेखी वचन देऊन सही केली, तर मेलेले कर्ज पुन्हा जिवंत होऊ शकते. म्हणून दुःखाच्या पहिल्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही करू नये.

आता फेडीचा क्रम. तोही कायद्याने घालून दिलेला आहे, आणि मला तो मोठा माणुसकीचा वाटला. सर्वांत आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च व अखेरच्या आजारातील औषधपाण्याचा खर्च. त्यानंतर मिळकतीच्या कारभारासाठी न्यायालयाचा काही खर्च आला असेल तर तो. मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मृतासाठी राबलेल्या मजूर, कारागीर व घरगड्यांची मजुरी. त्यानंतर बाकीचे धनको. आणि त्यांच्यात मोठ्या आवाजाचा पहिला व मुकाट्याने बसलेला शेवटचा असा भेद नाही. सर्वांना सारख्या प्रमाणात द्यावे लागते.

उदाहरण घेऊ. तारणातील जमीन बाजूला ठेवून मृतामागे ३,००,००० रुपयांची मिळकत राहिली. अंत्यविधी व दवाखाना ४०,००० आणि मजुरी १०,००० गेल्यावर २,५०,००० उरले. एका धनकोचे ३,००,००० व दुसऱ्याचे १,००,००० येणे आहे. तर रुपयाला साडेबासष्ट पैसे या दराने पहिल्यास १,८७,५०० व दुसऱ्यास ६२,५०० मिळतील, आणि तेथे हिशेब मिटेल. याउलट कर्ज फेडून काही उरले, तर त्याचा एक तृतीयांश विधवेचा व दोन तृतीयांश मुलांचा. आधी फेड, मग वाटणी. म्हणून मिळकतीची यादी करावी, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी आणि वहीत सर्व मांडून ठेवावे. मिळकतीचे काय झाले हे दाखविता आले नाही, तर तेवढ्या रकमेपुरती जबाबदारी वारसाच्या अंगावर येते.

काही पैसा मात्र धनकोंच्या हाताबाहेर ठेवलेला आहे. भविष्यनिर्वाह निधीची नामनिर्देशिताला मिळणारी रक्कम मृताच्या कर्जातून मुक्त असते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याप्रमाणे पतीने पत्नीच्या व मुलांच्या हितासाठी उतरविलेला विमाही त्याच्या धनकोंना मिळत नाही. शिवाय बँकेत जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : कर्जासोबत विमा होता काय? आणि खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात होते काय? कापले जात असतील, तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना असण्याचा संभव आहे. तिचे दोन लाख रुपये वारसास मिळतात, पण मागितल्यावाचून नव्हे.

गोव्यातील वाचकांची गोष्ट वेगळी आहे. तेथे विवाहाबरोबर साधारणतः पतिपत्नीची मालमत्ता एकत्र होते व अर्धा वाटा प्रत्येकाचा स्वतःचा असतो. दोघांनी मिळून घेतलेले कर्ज त्या समाईक मालमत्तेवर पडते. तेव्हा गोवेकरांनी तेथील नोटरीचा सल्ला घेतल्यावाचून या लेखावर विसंबू नये. कर्नाटकातील वाचकांस एवढे सांगतो की, लहान कर्जांच्या वसुलीसाठी धाकदपटशा करणाऱ्यांविरुद्ध तेथे २०२५ साली कायदा झालेला आहे. दारात येऊन कोणी दमदाटी करील, तर पोलीस ठाण्याची वाट धरण्यात कमीपणा नाही.

येथवर कायदा झाला. परंतु बाईचा खरा प्रश्न कायद्याचा नव्हता. 'त्यांचे नाव बुडू नये' हा होता. तिला मी जुन्या करारातील एका विधवेची आठवण दिली. तिचा पती देवभीरू होता, पण कर्ज ठेवून वारला. आणि धनको तिचे दोन मुलगे दास म्हणून न्यावयास आला. अलीशा संदेष्ट्याने कर्ज खोटे आहे असे तिला सांगितले नाही, आणि मुलगे देऊन टाक असेही सांगितले नाही. घरात काय आहे, एवढेच त्याने विचारले. होते ते तेल देवाच्या कृपेने वाढले. ते विकून तिने ऋण फेडले, आणि उरले त्यावर मायलेकरे जगली. आपले नीतिशास्त्रही हेच सांगते : हाती आलेल्या मिळकतीच्या मर्यादेपर्यंत वारसाने मृताचे खरे ऋण फेडणे हे न्यायाचे कर्तव्य आहे, मग त्याचा कागद असो वा नसो. मिळकत लपविणे हे पाप. परंतु नसलेल्या मिळकतीसाठी मुलांच्या मुखातील घास काढणे हे कर्तव्य नव्हे. त्याहून अधिक कोणी प्रेमाने देईल तर ते दान होय, आणि दान धमकीने होत नसते.

धनकोंमध्येही आपली माणसे असतात. विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये, ही आज्ञा त्यांनी एकदा वाचावी. आणि आपण सर्वांनीही एक विचार करावा : महिन्याच्या मिस्सेनंतर गावजेवण घालण्यासाठी एखादी विधवा नवे कर्ज काढते, तेव्हा त्या पंगतीत बसणारे आपणच असतो.

त्या बाईने यादी केली. पतीची मोटारसायकल विकली. दवाखान्याचे व मळणीच्या दोन गड्यांचे पैसे आधी दिले. उरलेल्या रकमेतून सावकाराला त्याच्या वाट्याचे दिले, आणि शेजारच्या म्हातारीचेही, जिच्या उसन्या पैशांचा कसलाच कागद नव्हता. ते ऋण एकट्या बाईला माहीत होते. सोसायटीचे हप्ते ती आपल्या नावाने फेडीत आहे. गावजेवण घातले नाही. आणि तो स्टँपचा कागद तिने सावकाराला मिस्सा सुटल्यावर, चार लोकांतच, होता तसा कोरा परत केला.

आपला,
धर्मगुरू