एक विमान, तीन नोकऱ्या

गोव्याला गेलात की नुसता समुद्र पाहून परतू नका. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातही डोकवा. तिथे चार इंजिनांचे, तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. आधी ते एअर इंडियाचे प्रवासी विमान होते, मग वायुदलात गेले. १९७६ साली समुद्रावरील टेहळणी नौदलाकडे आली, तेव्हा तेही नौदलाचे झाले. दर बदलीला जुनी अक्षरे रंगाखाली गेली. उरला शेवटचा क्रमांक, आयएन ३१५.

ते पाहताना मला आमचे अज्जा आठवले. त्यांच्या कागदांवर १९५६ आधी मुंबई, नंतर म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक! घर मात्र तेच. मुलांना विमान दाखवाल, तेव्हा घरातली ट्रंकही एकदा उघडा.