पाँटून बोट घ्यायची तर आधी माणसे मोजा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १० एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. तेथे स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारले, "मामू, घरच्यांना तळ्यावर फिरवायला पाँटून बोट घ्यावी म्हणतो. तुमचे मत काय?" कापडवाल्याला बोटीतले काय कळते, असे कोणी म्हणेल. परंतु माल पारखणे, वजन करणे आणि उधारीचा हिशेब मांडणे हे कापडाच्या पेढीवर शिकायला मिळतेच. शिवाय या बोटीवर डोळ्यांना दिसतो तो निम्मा माल कापडाच्याच जातीचा असतो. ज्यांची मुले-बाळे तिकडे आहेत त्या वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून माझे मत येथे मांडतो.

पाँटून बोट म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब पोकळ नळ्यांवर बसविलेला सपाट ओटा. सभोवार कठडा, आत बाके, वर छत आणि मागे इंजिन. मिनेसोटातल्याच रिचमंड गावच्या ॲम्ब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी लोखंडी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी फळ्या टाकल्या, तेथून हा धंदा वाढला. ओटा सपाट असल्याने म्हातारी माणसे आणि चालायला शिकणारी पोरे त्यावर बिनधास्त वावरतात. कुटुंबासाठी हीच बोट योग्य, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो निवडीच्या क्रमाबद्दल.

शोरूममध्ये आधी इंजिनाची ताकद सांगतात, मग गाण्याचे भोंगे, मग रंग. गिऱ्हाईक तेथेच निम्मे विकले जाते. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी माणसे, मग नळ्या, मग गादीचे रेक्झीन आणि छत, सर्वांत शेवटी इंजिन.

बहुतेक कारखानदार बोटीवर एक पाटी लावतात. तिच्यावर किती माणसे आणि एकूण किती वजन, हे दोन्ही लिहिलेले असते. लोक माणसांचा आकडा वाचतात आणि वजनाचा सोडून देतात. आपल्या घरची सहल म्हणजे बिर्याणीचा देग, बर्फाची पेटी, सतरंज्या, शिवाय ऐनवेळी आलेले दोन पाहुणे! पेट्रोलचे वजनही कोणी धरत नाही; एका गॅलनला सुमारे ६ पौंड, म्हणजे २५ गॅलनला १५० पौंड, एक धट्टाकट्टा माणूसच झाला. म्हणून दहाची पाटी असेल तर ती बोट आठांची समजावी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट काय करते, हे आपण जवळून पाहिले आहे. पाँटून सहसा उलटत नाही खरे, पण सगळे फोटोसाठी पुढच्या टोकाला जमले तर नाक पाण्यात जाते आणि पाणी ओट्यावर चढते. कठड्याच्या बाहेर पुढे पाय सोडून बसणे तर साफ बंद करावे. तेथून पडलेला माणूस बोटीखालून सरळ मागच्या पंख्याकडे जातो.

नळ्या दोन की तीन? संथ फिरायचे तर २० फुटी बोटीला दोन पुरतात. मोठा परिवार, मोठे आणि वाऱ्याचे तळे, किंवा मुलांना दोरीने मागे ओढायची हौस असेल तर तीन घ्याव्यात. नळ्यांचा व्यास आणि पत्र्याची जाडी विचारावी. आत आडवे पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले आहेत ना, हेही विचारावे; म्हणजे एक कप्पा फुटला तरी बोट तरंगते.

आता माझा विषय. गाद्यांवर घरातल्या सोफ्याचे रेक्झीन चालत नाही. ऊन आणि बुरशी सोसणारे, खास बोटीसाठी बनविलेले हवे. छताचे कापड घेताना विचारावे की रंग धाग्यातच मुरविलेला आहे की विणून झाल्यावर चढविलेला. धागा ओढण्याआधीच द्रावणात रंग मिसळलेले ॲक्रिलिक महाग पडते, पण वर्षानुवर्षे विटत नाही. स्वस्त पॉलिएस्टर पहिल्या दिवशी जास्त चमकते. दुकानात चमकणाऱ्या मालाची मला तशीही धास्तीच वाटते. आणि एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही: उन्हात कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो. म्हणून गादी उलटी करून टाके पाहावेत. जमिनीवर गालिचा घेऊ नये. तो पाणी धरतो, आणि त्यावर सांडलेले सालन कोणाच्या बापाने निघत नाही.

जीवरक्षक जाकिटांबाबत कंजुषी नको. २०२३ साली अमेरिकेत अशा हौशी नौकाविहारात ५६४ जण दगावले. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांपैकी तीन-चतुर्थांश बुडाले होते, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जाकिटाची नोंद होती त्यांतील ८७ टक्क्यांनी ते घातलेले नव्हते. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांना चालत्या बोटीत ते सक्तीचे आहे. माझे म्हणणे, पोहता न येणाऱ्या आजीलाही ते सक्तीचे करावे.

पैशाचे म्हणाल तर तिकडे बोटीसाठी दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीचे कर्ज सहज मिळते. व्याजाचा दीनी मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी निव्वळ वहीखात्याचा हिशेबही जुळत नाही. हिवाळ्यात तेथील तळी गोठतात, अर्धे वर्ष बोट झाकून पडते, वर जागेचे भाडे आणि विमा. हप्ता मात्र गोठत नाही. म्हणून आधी एक-दोन उन्हाळे भाड्याची बोट घ्यावी. घरच्यांची हौस खरी किती, ते तेव्हाच कळते. मग रोख पैशात जुनी पाहावी. जुनी घेताना ओट्याखालचे प्लायवूड ठोकून पाहावे, नळ्यांचे सांधे बोटाने तपासावेत आणि विकणाऱ्याला पाण्यात चालवून दाखवायला सांगावे. सौदा मात्र मे महिन्यात करू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात करावा, तेव्हा हिवाळाभर बोट सांभाळायची पाळी विकणाऱ्यावर येत असते.