सोळातलं एकदा

सरकारी दवाखान्यात बाळंतपण सुरळीत झालं, तरी आईनं ४८ तास तिथंच राहावं असं ठरलेलं आहे. तान्हं बाळ दिवसाला निदान आठ वेळा अंगावर पितं. म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर परतण्याआधी सोळा वेळा. या सोळांपैकी एकदा तरी कुणी शिकलेली नर्स खाटेशेजारी बसते का? बाळ छातीशी घेतल्यापासून ते स्वतःहून सोडेपर्यंत पाहते का?

‘पाजलंस का?’ एवढं विचारलं जातं. आई ‘हो’ म्हणते. ती खोटं बोलत नाही. पण बाळाच्या तोंडात नुसतं बोंड असेल, भोवतीचा काळा भाग नसेल, तर ते चोखून थकतं आणि उपाशीच झोपतं. बोंडाला चिरा पडतात. आई पाजायला कचरते. मग घरची म्हणतात, दूधच कमी आहे. बहुतेकदा दूध कमी नसतं, पकड चुकलेली असते.

२०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं मात्र ४१.८ टक्केच. बाई दवाखान्यापर्यंत आली, मदत तिच्या खाटेपर्यंत आली नाही.

जव्हार-मोखाड्याच्या याच मुलखातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली राज्याला हादरवलं. तेव्हापासून कुपोषण म्हटलं की आपण अंगणवाडीतल्या आहाराबद्दल बोलतो. तो हवाच. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा आहार एकच, आणि तो त्याच्या पोटात जातो का हे ओळखणं हे शिकण्याचं काम आहे. ते शिकवता येतं. आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल आणि त्यांचे सहकारी बाळाला कसं धरायचं, मान कशी सांभाळायची, पकड कशी तपासायची हे मराठी चित्रफितींतूनही शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ साली स्तनपानाच्या दहा पायऱ्या सुधारताना कर्मचाऱ्यांच्या अंगच्या कसबावर भर दिला. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावरची सही म्हणजे कसब नव्हे.

पुढं आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते. पण दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर गेलं, तर ती कुणाच्या दारात जाणार? या भागातल्या अनेक आयांच्या वाट्याला हे ४८ तासच येतात.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या वजनाखाली एक ओळ वाढवा: ‘पाजताना पाहिलं, पकड बरोबर.’ खाली पाहणाऱ्या नर्सची सही. ही सही ती खात्रीनं करू शकेल इतकं तिला शिकवणं आणि तेवढा वेळ तिच्या हाती ठेवणं ही आरोग्य खात्याची जबाबदारी आहे. तोवर ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा अहवाल कुणी पाठवू नये.