तबकडीचें कुलूप

लिनक्स वापरणारे आमचे कित्येक वाचक पुसतात कीं, चोरीच्या भयास्तव तबकडीवरील मजकूर सांकेतिक करावयाचा तर साधन कोणतें घ्यावें? सबंध तबकडीसाठीं आम्ही २००४ सालापासून चालत आलेलें ‘लक्स’च सुचवूं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तींत एका तबकडीस ३२ पर्यंत परवलीचे शब्द लावतां येतात. तेव्हां एक शब्द गृहिणीपाशींही असावा. घरचे हिशेब नि छायाचित्रें एकट्या यजमानांच्या स्मरणशक्तीवर टांगणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. सारेच शब्द विसरले तर मागील दार नाहीं. तबकडीच्या आरंभींचा शीर्षभाग बिघडल्यास खरा शब्दही व्यर्थ. त्याची प्रत अन्यत्र ठेवावी. विंडोजवरही उघडावयाची तबकडी असल्यास व्हेराक्रिप्ट बरें. ट्रूक्रिप्टचें काम २०१४ सालींच थांबलें. तें कोणी सुचविल्यास ऐकूं नये.